मुठीचे माप घेणारा माणूस : सर फ्रान्सिस गॉल्टन

आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचा पेपर असतो. त्यात सहसंबंध आणि समाश्रयण ही दोन प्रकरणे येतात. कार्ल पिअर्सनचे सूत्र आपण घोकतो, कोष्टक आखतो, गुणक ०.८ आला की उच्च धन सहसंबंध असे एक वाक्य खाली लिहितो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे कॉलेजात आल्यावर कोरिलेशन आणि रिग्रेशन या शब्दांनी मला सुरुवातीला पुष्कळ छळले. मराठी प्रतिशब्द सापडले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. गंमत म्हणजे, कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या मित्राने सांगितले की त्यांच्याकडेही शब्द सहसंबंध हाच आहे. पण हे गणित मुळात कोणाला सुचले आणि कशाचे मोजमाप करताना सुचले, असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. मला तो पडला तो वर्गात नव्हे, एका आरोग्य तपासणी शिबिरात.

शिबिरात वजन, उंची आणि रक्तदाब झाल्यावर शेवटच्या टेबलावर फिजिओथेरपीचे विद्यार्थी हाताची ताकद मोजत होते. त्यांच्याजवळ डायनॅमोमीटर नावाचे उपकरण होते. मुठीत मावतील अशा दोन दांड्या आणि वर घड्याळासारखी तबकडी. खुर्चीवर ताठ बसायचे, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, आणि मूठ आवळायची. असे तीनदा करायचे व सरासरी घ्यायची. त्यानंतर दुसऱ्या एका लहान उपकरणावर चिमटीचा जोर मोजतात. तोही तीन तऱ्हांनी: अंगठा व तर्जनीची टोके जुळवून, किल्ली धरतो तशी पकड करून, आणि अंगठ्यासमोर दोन बोटे लावून. चिमूटभर मीठ, मूठभर तांदूळ, ओंजळभर फुले अशी हाताने घेतलेली मापे आपल्या भाषेत पुष्कळ आहेत. खुद्द हातालाच माप लावण्याची कल्पना मला नवी होती. माझा उजवा हात ३७ किलो भरला, डावा ३४. तपासणाऱ्या मुलीने जवळच्या तक्त्यात पाहिले आणि थोडे कमीच आहे पण काळजी नको, असे सांगून चिठ्ठी हातात दिली.

कमी म्हणजे कोणाच्या मानाने? हा प्रश्न घेऊन मी लायब्ररीत गेलो आणि पुस्तकांतून मागे मागे जात १८८४ सालच्या लंडनमध्ये पोहोचलो. तेथे जो गृहस्थ भेटला त्याचेच नाव सर फ्रान्सिस गॉल्टन. आमच्या सहसंबंधाचा आणि समाश्रयणाचा जनकही तोच निघाला.

गॉल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. घराणे सधन. आधी बंदुकांचा कारखाना, मग बँक. आईकडून तो इरॅस्मस डार्विनचा नातू, म्हणजे उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन हा त्याचा मावसभाऊ नव्हे, पण आजोबा एकच आणि आज्या वेगळ्या अशा नात्याने भाऊ. भावंडांत तो सर्वांत धाकटा. थोरली बहीण अॅडेल पाठीच्या दुखण्यामुळे घरीच असे. तिने या मुलाला शिकवण्याचा ध्यास घेतला आणि अडीच वर्षांचा असतानाच तो वाचू लागला. घरच्यांना वाटले, मुलगा असामान्य निघणार.

पण पुढे गाडी तशी सरळ चालली नाही. वडिलांच्या इच्छेने त्याने आधी बर्मिंगहॅमच्या इस्पितळात आणि नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजात वैद्यकीचे धडे घेतले. मग तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकायला गेला. तेथे अभ्यासाच्या ताणाने तिसऱ्या वर्षी त्याची प्रकृती ढासळली, ऑनर्सची परीक्षा हुकली, आणि १८४४ मध्ये साधी पदवी घेऊन तो बाहेर पडला. हा प्रसंग आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे याच माणसाने केंब्रिजच्या गणित परीक्षेतील गुणांवरून लोकांची बुद्धी जोखली. त्याच वर्षी वडील वारले आणि वारशाने एवढा पैसा आला की पोटासाठी काही करण्याची गरजच उरली नाही. डॉक्टरी त्याने तेथेच सोडली.

काही वर्षे भटकंतीत गेली. इजिप्त, सुदान, सीरिया झाले. १८५० ते १८५२ या काळात तो नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, फिरला व नकाशे तयार केले. त्याबद्दल रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. याच प्रवासात त्याने एका स्थानिक स्त्रीच्या शरीराची मापे तिच्या जवळ न जाता, दुरूनच सेक्स्टंट लावून आणि त्रिकोणमितीने हिशेब करून घेतली. ही हकीगत चरित्रकार हसण्यावारी नेतात. मला ती वाचून हसू आले नाही. त्या बाईला कोणी विचारले होते का?

१८५३ मध्ये लुइसा बटलर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही.

मोजणे हे या माणसाचे व्यसनच होते. सभेत व्याख्यान कंटाळवाणे झाले की श्रोते मिनिटाला किती वेळा चुळबुळ करतात ते तो मोजत बसे. खिशात कागद ठेवून टाचणीने भोके पाडायची आणि कोणत्या शहरात सुंदर स्त्रिया किती दिसतात त्याची नोंद करायची, हाही उद्योग त्याने केला. प्रार्थनेचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी १८७२ मध्ये त्याने राजघराण्यातील लोकांचे आयुष्यमान तपासले. ज्यांच्यासाठी देशभर रोज प्रार्थना होते ते काही जास्त जगत नाहीत असे त्याला आढळले. वर्तमानपत्रात हवामानाचा नकाशा छापण्याची प्रथाही त्याच्यापासूनची. १ एप्रिल १८७५ च्या लंडन टाइम्समध्ये त्याचा नकाशा आला.

आता मुठीकडे येऊ. १८८४ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरले. ४० लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. तेथे गॉल्टनने एक मानवमापन प्रयोगशाळा थाटली. प्रयोगशाळा कसली, सुमारे ३६ फूट लांब आणि ६ फूट रुंद अशी बोळासारखी जागा. एका बाजूला जाळीचा पडदा, म्हणजे बाहेरच्यांना आतले दिसावे आणि त्यांनाही आत येण्याचा मोह व्हावा. फी तीन पेन्स. दारात पैसे द्यायचे, वय, जन्मगाव, धंदा लिहायचा आणि एकेका यंत्रापुढून पुढे सरकायचे. उभ्याची उंची, बसल्याची उंची, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, वजन, श्वासाचा जोर, दृष्टी, श्रवण, रंग ओळखण्याची शक्ती, धनुष्य ताणावे तसे दोन्ही हातांनी ओढण्याची ताकद, आणि उजव्या व डाव्या मुठीची आवळ. शेवटी मापांचे कार्ड माणसाच्या हाती पडे आणि त्याची नक्कल गॉल्टनकडे राही. म्हणजे माहिती देणाऱ्यानेच पैसे मोजायचे! कॉमर्सचा विद्यार्थी या नात्याने या योजनेपुढे मी हात टेकले.

एक यंत्र ठोसा किती वेगाने बसतो ते मोजण्यासाठी होते. तेथे फार गोंधळ झाला. जवान मंडळी सरळ ठोसा मारण्याऐवजी वाकडातिकडा हात मारीत, दांडा मोडत आणि मनगटही दुखवून घेत. लाकूड बदलून ओकचे मजबूत लावले तरी तेही मोडले. डोक्याचे माप मात्र त्याने या यादीत घेतले नाही, कारण बायकांच्या टोप्या आणि केशरचना सोडवीत बसणार कोण?

प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ माणसांची मापे जमली. त्यांतले ४,७२६ प्रौढ पुरुष व १,६५७ प्रौढ स्त्रिया. मुठीची ताकद मोजण्याची कल्पना काही गॉल्टनची नव्हे. पॅरिसच्या रेन्ये नावाच्या कारागिराने १७९८ मध्येच डायनॅमोमीटर प्रसिद्ध केला होता, आणि थोड्याच वर्षांत पेराँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ते यंत्र जहाजातून ऑस्ट्रेलियाकडे घेऊन गेला. तेथील मूळ रहिवाशांच्या आणि फ्रेंच खलाशांच्या मुठी त्याने पडताळल्या आणि रानटी लोक दुबळे असतात असा निकाल देऊन टाकला. ज्याने आयुष्यात असे यंत्र पाहिले नाही, ज्याला ते का दाबायचे हेच ठाऊक नाही, त्याने जीव खाऊन का दाबावे? हा विचार पेराँच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

गॉल्टनचे वेगळेपण असे की त्याने नुसती सरासरी काढली नाही. २३ ते २६ वर्षे वयाचे ५१९ पुरुष आणि २७६ स्त्रिया घेऊन, मुठीच्या जोराप्रमाणे त्यांना चढत्या क्रमाने जणू ओळीत उभे केले. मग पाहिले की शंभरात पाचवा कोठे, दहावा कोठे, पन्नासावा कोठे. आपण ज्यांना शतमके म्हणतो ती हीच. ओळीच्या मध्यावरच्या पुरुषाची मूठ ८५ पौंड, म्हणजे साडेअडतीस किलो भरली. मध्यावरच्या स्त्रीची ५२ पौंड, म्हणजे साडेतेवीस किलो. सगळ्या १,६५७ स्त्रियांत जी सर्वांत बळकट निघाली तिची ८६ पौंड होती, म्हणजे साधारण पुरुषाएवढी. यावर त्याने पुरुषांना धीर देणारा एक विनोद केला आहे, तो येथे सांगण्याजोगा नाही.

साडेअडतीस! म्हणजे माझी ३७ ची मूठ १८८४ च्या लंडनमध्ये जवळजवळ मध्यावर आली असती. मग शिबिरातली मुलगी कमी का म्हणाली? कारण तिच्या तक्त्याचे मूळ अमेरिकेतले होते. १९८५ मध्ये तेथे २० ते ९४ वर्षे वयाच्या ६३८ निरोगी स्त्रीपुरुषांची पकड आणि चिमूट मोजून वयवार आकडे प्रसिद्ध झाले. त्यांत पंचविशीतल्या पुरुषांच्या उजव्या हाताची सरासरी सुमारे १२१ पौंड, म्हणजे ५५ किलोच्या आसपास आहे. शंभर वर्षांत माणसाची मूठ दीडपट झाली असे यावरून कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. उपकरण बदलले, दांडीची रुंदी बदलली, बसण्याची रीत ठरवून दिली गेली, आणि माणसेही वेगळी. दांडी थोडी जवळ किंवा दूर केली तरी आकडा बदलतो. म्हणूनच कोपर काटकोनात ठेवा, दंड अंगालगत ठेवा, अशी आज सक्ती असते. एकच मूठ एका तक्त्यात मध्यावर बसते आणि दुसऱ्यात तळाशी जाते, हे मी स्वतःच्या हातावरून शिकलो.

मात्र म्हणून हे मोजमाप फुकट नव्हे. २०१५ मध्ये १७ देशांतील, त्यांत भारतही आला, सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुठीचा जोर ५ किलोने कमी असेल तर पुढील काही वर्षांत मृत्यू येण्याची शक्यता १६ टक्क्यांनी अधिक दिसली. म्हणून आज डॉक्टर मुठीकडे शरीराच्या एकूण बळाची खूण म्हणून पाहतात. ही खूण आहे, कारण नव्हे, हा फरक मात्र सहसंबंधाच्या प्रकरणात आमच्या सरांनी फळ्यावर अधोरेखित करून शिकवला होता.

सहसंबंधाचा जन्मही या मापांतूनच झाला. प्रदर्शन संपल्यावर गॉल्टनने प्रयोगशाळा साउथ केन्सिंग्टनच्याच संग्रहालयात हलवली. तेथे जमलेली ३५० पुरुषांची मापे घेऊन १८८८ मध्ये त्याने विचारले, उंच माणसाचा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हातही लांब असतो, पण किती नेमाने? त्याचे उत्तर आले ०.८. आपल्या वहीतल्या उत्तराचा हा पहिला पूर्वज. पिअर्सनने पुढे सूत्राला आज आहे ते रूप दिले.

त्याआधी, १८८६ मध्ये, २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले घेऊन त्याने उंचीचा वारसा तपासला. मुलींची उंची पुरुषांच्या मापात आणण्यासाठी १.०८ ने गुणली. निष्कर्ष असा निघाला की फार उंच आईबापांची मुले सरासरीने उंच असतात, पण आईबापांइतकी नव्हे. फार ठेंगण्या आईबापांची मुले ठेंगणी असतात, पण तेवढी नव्हे. दोन्हीकडून पाय मध्याकडे वळतात. समाश्रयण या शब्दाचे मूळ हेच.

हाताशी त्याचे आणखी एक नाते आहे आणि ते आपल्या देशातून जाते. १८५८ मध्ये बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. पुढे माणूस नाकबूल होऊ नये हा हेतू. हर्शेलने जमवलेले ठसे गॉल्टनला मिळाले, त्याने त्यांचा अभ्यास केला आणि १८९२ मध्ये बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहिला. ठसे आयुष्यभर बदलत नाहीत हे त्याने दाखवले. पण लाखो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, ही वर्गवारी कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या श्रमांतून उभी राहिली. १८९७ मध्ये तेथे ठशांचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे लागले.

येथवर आपल्याला हा माणूस आवडू लागतो. मलाही आवडला होता. पण त्याचे १८६९ चे वंशपरंपरागत प्रतिभेवरचे पुस्तक वाचताना मन खट्टू होते. न्यायाधीश, सेनापती, कवी यांच्या वंशावळी मांडून त्याने ठरवले की मोठेपण रक्तातून येते. न्यायाधीशाच्या मुलाला घर, शाळा, ओळखी काय मिळतात, याचे वजन त्याने फारच हलके धरले. मग त्याने मानववंशांनाच पायऱ्यांवर उभे केले, आफ्रिकी लोकांना इंग्रजांच्या दोन पायऱ्या खाली. १८७३ मध्ये तर टाइम्सला पत्र लिहून आफ्रिकेत चिनी लोक वसवावेत म्हणजे तेथील मूळ लोक मागे हटतील, अशी सूचना केली. १८८३ मध्ये त्याने या विचाराला युजेनिक्स, म्हणजे सुप्रजनन, असे नाव दिले. चांगल्या वाणाच्या माणसांना अधिक मुले व्हावीत, कमअस्सलांना कमी, हे त्याचे सार. तो हयात असतानाच १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला, आणि १९३३ मध्ये जर्मनीत झालेल्या कायद्याने लाखो लोकांना त्या टेबलावर नेले.

मला न उलगडणारे कोडे असे. सर्वसामान्य माणसाच्या शहाणपणाचा सर्वांत सुंदर पुरावा देणाराही हाच माणूस. १९०६ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, प्लिमथच्या गुरांच्या प्रदर्शनातील एका स्पर्धेची तिकिटे त्याने मिळवली. कापून साफ केल्यावर बैलाचे वजन किती भरेल, याचा अंदाज सहा पेन्स देऊन लोकांनी लिहिला होता. त्यांत खाटीक होते, शेतकरी होते आणि काहीही न कळणारेही होते. ७८७ तिकिटांचा मध्यक आला १,२०७ पौंड. खरे वजन १,१९८. शंभरामागे एकाहूनही कमी फरक! गर्दीला अक्कल नसते असे मानणाऱ्या गॉल्टनने हा आकडा प्रामाणिकपणे छापला. आकड्यापुढे तो खोटे बोलत नसे. आकडा कोठून आला एवढेच तो विचारीत नसे.

माझे वडील सुरुवातीला वडगावात हातमागावर बसत, नंतर यंत्रमागावर. शिबिर पालकांनाही खुले होते म्हणून मी त्यांना ओढून नेले होते. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची उजवी मूठ ४६ किलो भरली, माझ्याहून नऊ किलो अधिक. तक्त्यात पकड चाळिशीनंतर उतरू लागते असे दिसते. गॉल्टनच्या कार्डावर त्यांच्या धंद्याच्या रकान्यात विणकर असे लिहिले गेले असते, मुठीच्या रकान्यात १०१ पौंड. आणि त्यांच्या मुलाच्या मुठीवरून त्याने मध्याकडे परत येण्याचे समाश्रयण मांडले असते. पण मी पेन धरतो आणि ते पंचवीस वर्षे मागाशी झुंजले, हे त्या आलेखात कोठे दाखवणार?

१८९७ मध्ये लुइसा गेली. १९०९ मध्ये गॉल्टनला सर ही पदवी मिळाली आणि १७ जानेवारी १९११ रोजी सरे परगण्यातील हेझलमिअर येथे तो वारला. मृत्युपत्राने त्याने लंडन विद्यापीठाला पैसे ठेवले, त्यातून सुप्रजननाचे अध्यासन निघाले आणि पिअर्सन त्याचा पहिला प्राध्यापक झाला. २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने आपल्या व्याख्यानगृहावरचे गॉल्टनचे नाव उतरवले. पिअर्सनचेही एका इमारतीवरून उतरवले. आमच्या पाठ्यपुस्तकात पिअर्सनचे सूत्र आहे तसेच आहे, आणि ते वापरल्यावाचून पेपर सुटत नाही.

शिबिरातली माझी चिठ्ठी मी संख्याशास्त्राच्या वहीत ठेवली आहे: उजवा ३७, डावा ३४. वडिलांनी आपली घडी करून तेथेच फेकायला काढली होती, तीही मी मागून घेतली: उजवा ४६, डावा ४४.